माकड आपला पूर्वज नाही, चुलत भाऊ आहे

“मग आजची माकडं माणसं का होत नाहीत?” ऑफिसच्या कँटीनमध्ये एकाने विचारलं आणि आम्ही सगळे इंजिनियर हसलो. खरं तर उत्तर कुणालाच येत नव्हतं. मलाही नाही.

उत्तर घरातलंच आहे. तुम्ही चुलत भावापासून जन्मलेले नाही. तुमचे आणि त्याचे आजोबा एक. आजोबा गेले, दोन्ही घरं आपापल्या वाटेने वाढली. ‘चुलत भाऊ अजून माझ्यासारखा का झाला नाही?’ असं कुणी विचारतं का? माणूस आणि चिंपांझीचं नातं असंच आहे. दोघांचा समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तो माणूस नव्हता आणि आजचा चिंपांझीही नव्हता.

आपल्या डोक्यात मात्र वेगळंच चित्र आहे: एका टोकाला वाकलेलं माकड, दुसऱ्या टोकाला ताठ माणूस. म्हणजे शिडी, आणि सगळ्यात वर आपण. डार्विनने १८३७ मध्ये वहीत काढलं होतं ते झाड, फांद्या फुटत जाणारं. आज डीएनएची अक्षरं शेजारी शेजारी ठेवून, कोणते बदल कोणाकोणात समान आहेत हे तपासून त्या फांद्या जुळवतात. गिटमध्ये दोन ब्रांचचा शेवटचा समाईक कमिट शोधावा, तसंच काहीसं. मग दिसण्यावरून मानलेली नाती कोसळतात. मगर पालीसारखी दिसते, पण तिचं जवळचं नातं कोंबडीशी आहे. देवमाशाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग पाणघोडा. अळंबी भाजीच्या दुकानात मिळते, पण झाडांपेक्षा आपल्याला जवळची.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून नेमकं हेच गेलं. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली फक्त आनुवंशिकता उरली. सजीवांमधली नाती कशी शोधायची, हे गेलं. उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे, हेही गेलं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. त्यावर समर्थन काय? मुलांवरचं ओझं कमी केलं, बारावीच्या जीवशास्त्रात आहेच की.

आणि दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्यांचं काय? माझ्यासारखे इंजिनियर, कॉमर्सवाले, आर्ट्सवाले, शाळाच सुटलेले? आमच्यासाठी दहावी हीच शेवटची संधी असते. ती हुकली की काय होतं, ते २०१८ मध्ये औरंगाबादेत दिसलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून डार्विन चूक, असं सत्यपाल सिंह म्हणाले. तेव्हा ते देशाच्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे राज्यमंत्री होते. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना एकत्र येऊन निवेदन काढावं लागलं. आमच्या कँटीनमधलाच प्रश्न, फक्त माइकवरून.

हे ज्ञान परीक्षेपुरतं नाही. कोविडमध्ये डेल्टा, ओमिक्रॉन ही नावं रोज कानावर यायची. विषाणूंची जनुकं वाचून त्यांची वंशावळ मांडली, म्हणून तर नवी फांदी फुटल्याचं कळत होतं.

मला वाटतं, शिडी आपल्याला पटते कारण उतरंडीची आपल्याला सवय आहे. कुणीतरी वर, कुणीतरी खाली, आणि आपण शक्यतो वरच्या बाजूला. झाडात ही सोय नाही. आज जिवंत असलेली प्रत्येक फांदी, मग ती माणसाची असो की अळंबीची, एकाच मुळापासून तितकीच वर्षं चालत आली आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे ओझं होत नाही. उतरंड टिकवायची असणाऱ्यांना मात्र होतं.