चुकीची कमांडही तपासा

जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात फाइल कॉपी करणारा छोटा सी प्रोग्रॅम लिहायला सांगतात. टर्मिनलवर दोन नावे द्यायची, पहिल्या फाइलमधला मजकूर दुसरीत उतरवायचा. विद्यार्थी तो लिहितात, एकदा चालवून दाखवतात, आउटपुट जर्नलमध्ये लावतात आणि सही घेतात. एकच नाव दिले तर काय होईल, पहिली फाइल अस्तित्वातच नसेल तर काय, दोन्ही नावे एकाच फाइलची असतील तर काय, हे सहसा विचारले जात नाही. आमच्या मते परीक्षा तिथूनच सुरू व्हायला हवी.

दोन्ही नावे एकच असल्याचे उदाहरण घ्या. नवशिक्याचा प्रोग्रॅम पहिली फाइल वाचायला उघडतो आणि दुसरी रिकामी करून लिहायला उघडतो. फाइल एकच असल्यामुळे वाचायला काही उरतच नाही. शून्य बाइट कॉपी होतात आणि प्रोग्रॅम काम फत्ते झाल्याचे सांगून थांबतो. मजकूर मात्र गेलेला असतो. लिनक्सवरची सीपी कमांड अशा वेळी दोन्ही फाइल एकच असल्याचे सांगून काम नाकारते. हा नकार कोणीतरी विचार करून लिहिलेला आणि तपासलेला आहे.

सीपीलाही सगळे कळत नाही. एखाद्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल तारांकन वापरून कॉपी करायच्या होत्या आणि कुठे ठेवायच्या ते लिहायचे राहिले, असे समजा. फोल्डरमध्ये एकच फाइल असेल तर सीपी थांबते. तीन असतील आणि शेवटचे नाव फोल्डरचे नसेल तरीही थांबते. पण नेमक्या दोन असतील तर पहिली फाइल दुसरीवर निमूट लिहिली जाते. तारांकनाच्या जागी नावे कमांड वाचणाऱ्या शेलने आधीच भरलेली असतात, त्यामुळे सीपीला ती आज्ञा बिनचूकच वाटते.

अनुभवी हातांनी लिहिलेल्या साधनांतही असे कोपरे उरतात. २००८ साली स्टॅनफर्डच्या क्रिस्टियन कादार, डॅनियल डनबार आणि डॉसन एंगलर यांनी क्ली हे साधन सीपीसारख्या कमांडांच्या जीएनयू कोअरयुटिल्स या संचातल्या ८९ प्रोग्रॅमवर चालवले. आर्ग्युमेंट (कमांडपुढे दिलेली नावे आणि पर्याय) आणि इनपुटच्या अनेक शक्यता हे साधन स्वतःच शोधून काढत होते. त्यातून प्रोग्रॅम कोसळवणाऱ्या १० चुका सापडल्या आणि त्यांतल्या ३ निदान १९९२पासून तशाच पडून होत्या. फोल्डर तयार करणारी एमकेडीआयआर कमांड एका पर्यायापुढे दोन नावे देताच कोसळत होती.

खानदेशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इथल्या कार्यालयांत, सोसायट्यांत फाइलची नावे मराठीत आणि मध्ये जागा सोडून लिहिली जातात. ‘रावेर केळी’ नावाची फाइल पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हे द्यायची राहिली, तर कमांडला ‘रावेर’ आणि ‘केळी’ अशी दोन आर्ग्युमेंट मिळतात. शेजारी ‘केळी’ नावाची वेगळीच फाइल असेल तर ती पुसली जाते. नावाच्या लांबीचेही तसेच. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि मात्रा वेगळी मोजली जाते. म्हणून दोन अक्षरी ‘धुळे’ १२ बाइटचे होते. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजवर सुखाने राहिलेले लांबलचक मराठी नाव लिनक्सवर कॉपी करताना नाकारले जाते. इंग्रजी नावांवरच तपासलेल्या प्रोग्रॅमला ही अडचण कधी दिसणारच नाही.

चुकीच्या आर्ग्युमेंटची चाचणी करताना पडद्यावर संदेश आला, एवढ्यावर समाधान मानू नये. संदेश एररच्या वेगळ्या प्रवाहातच गेला पाहिजे आणि प्रोग्रॅम संपताना परत देतो तो एक्झिट कोड शून्य नसला पाहिजे. हे दुसरे फार महत्त्वाचे आहे. बॅकअप जमला तरच मूळ फाइल पुसायची, असे सांगणारी स्क्रिप्ट फक्त तो कोड पाहते. कॉपी फसूनही प्रोग्रॅमने शून्य परत दिले, तर बॅकअपही नाही आणि मूळही नाही. सर्वांत शेवटी, नकार दिल्यानंतर आधीच्या फाइल जशाच्या तशा आहेत का, हे उघडून पाहायचे. बरेच प्रोग्रॅम इथे उघडे पडतात, कारण स्रोत फाइल आहे की नाही हे पाहण्याआधीच त्यांनी दुसरी रिकामी केलेली असते.

यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही, अभ्यासक्रम बदलण्याचीही वाट पाहायला नको. जर्नलमध्ये बरोबर चाललेल्या आउटपुटशेजारी चार-पाच फसलेल्या कमांडांचे आउटपुट आणि एक्झिट कोड मागावेत, त्यांना गुण ठेवावेत. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी कीबोर्ड स्वतःकडे घेऊन चुकीची कमांड द्यावी. कोअरयुटिल्सच्या चाचण्या सर्वांना वाचायला खुल्या आहेत. त्यातली सीपीची एखादी चाचणी वर्गात वाचून घेतली आणि तिच्यात ‘रावेर केळी’सारखे नाव घालून पाहायला सांगितले, तर एका प्रात्यक्षिकाच्या वेळेत हे सहज होईल.