भीती चॉकलेटची, धोका रस्त्याचा

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेत घराघरांच्या पायऱ्यांवर कोरलेले भोपळे दिसू लागतात. 31 तारखेच्या तिन्हीसांजेला चेटकीण, सांगाडा, वटवाघूळ अशी सोंगे घेतलेली मुले पिशव्या घेऊन दारोदार फिरतात. ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’, असे ओरडतात आणि मूठभर चॉकलेटे मिळाली की पुढच्या दाराकडे धावतात. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांनाही हॅलोवीन आता परका राहिलेला नाही. 2024 मध्ये तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले. पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुताचे सोंग, असा दुहेरी कार्यक्रम अनेक नातवंडांनी पार पाडला असेल.

मुले घरी परतली की आणखी एक विधी असतो. आईवडील पिशवी टेबलावर रिकामी करतात आणि एकेक चॉकलेट दिव्याखाली धरून पाहतात. वेष्टन उघडलेले तर नाही? आत टाचणी, ब्लेड, विष तर नाही? काळजी करणाऱ्या पालकांना हसण्याचे कारण नाही. पण ज्या संकटासाठी ही तपासणी चालते ते जवळजवळ काल्पनिक आहे. खरे संकट असते ते त्याआधी, मूल रस्त्यावर असताना. आपण नेमके कशाला घाबरावे, हा आरोग्यशिक्षणातला कळीचा प्रश्न आहे आणि हॅलोवीन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

या सणाची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडच्या केल्टिक लोकांच्या ऋतुबदलाच्या उत्सवात मानली जातात. पुढे त्याला 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आणि 2 नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसाची जोड मिळाली. गोव्यात आणि वसईत 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात, त्या याच पंचांगातल्या. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवा करत. एकोणिसाव्या शतकात स्थलांतरितांबरोबर ही चाल अमेरिकेत गेली आणि सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. दारोदार खाऊ मागण्याची पद्धत सर्वत्र पसरली ती दुसऱ्या महायुद्धातले साखरेचे रेशनिंग संपल्यावर. एरवी ‘अनोळखी माणसाकडून काही घेऊ नकोस’ असे बजावणारे पालक या एका संध्याकाळी मुलाला अनोळखी दारे ठोठावू देतात. भीती नेमकी या भेगेतून आत शिरली.

डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी 1958 पासूनची वृत्तपत्रे चाळून अशा घटनांचा मागोवा घेतला. अनोळखी व्यक्तीने हॅलोवीनला वाटलेल्या विषारी खाऊमुळे एखादे मूल दगावले किंवा गंभीर जखमी झाले, असे एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडले नाही. बहुतेक बातम्या मागाहून खोट्या ठरल्या. काही ठिकाणी मुलांनीच गंमत म्हणून टाचण्या खोचल्या होत्या. 1970 मध्ये डेट्रॉइटमध्ये एक मुलगा हेरॉइनने दगावला आणि दोष हॅलोवीनच्या खाऊवर आला. प्रत्यक्षात ते हेरॉइन त्याच्या काकाच्या घरातले होते.

मग विषाची एवढी धास्ती आली कुठून? 1974 मध्ये टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोवीनच्या रात्री सायनाइड घातलेली गोड पूड खाऊन मेला. हे खरे आहे. पण ती पूड त्याला दिली होती त्याच्या सख्ख्या बापाने, रोनाल्ड ओब्रायनने. मुलाचा विमा उतरवलेला होता. संशय परक्यावर जावा म्हणून त्याने आपल्या मुलीला आणि इतर मुलांनाही तसाच खाऊ दिला. सुदैवाने त्यांनी तो खाल्ला नाही. 1984 मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. ‘हॅलोवीनला परके लोक विष घालतात’ हा समज आधीच पसरलेला होता आणि त्या समजाच्या आडोशाने हा खून झाला. अफवेने मुलाचे रक्षण केले नाही, खुन्याला लपायला जागा दिली.

पुढे 1982 च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरले आणि सात जणांचा बळी गेला. त्याचा हॅलोवीनशी काही संबंध नव्हता; पण महिन्याभरावर तो सण होता आणि भीतीला नवे बळ मिळाले. अनेक रुग्णालयांनी खाऊच्या पिशव्यांचे एक्स-रे काढून द्यायला सुरुवात केली. एक्स-रेमध्ये धातूची टाचणी दिसते, विष दिसत नाही. मनाला दिलासा देण्यापलीकडे या सोयीचा फारसा उपयोग नव्हता.

आता दुसरी बाजू. कॅनडातील संशोधकांनी अमेरिकेतील 1975 ते 2016 या 42 वर्षांच्या प्राणघातक रस्ते अपघातांची नोंद तपासली आणि निष्कर्ष ‘जामा पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पद्धत साधी होती. 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी पाच ते मध्यरात्रीपर्यंत वाहनांनी किती पादचाऱ्यांचा जीव घेतला ते मोजायचे आणि एक आठवडा आधीच्या व एक आठवडा नंतरच्या संध्याकाळशी तुलना करायची. हॅलोवीनच्या 42 संध्याकाळी 608 पादचारी मेले. तुलनेसाठी घेतलेल्या 84 संध्याकाळी 851. म्हणजे हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका 43 टक्क्यांनी जास्त. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तर तो दहापट होता. धोक्याचे टोक संध्याकाळी सहाच्या सुमारास, अंधार पडत असताना आणि मुले घराबाहेर पडत असताना.

कारणे गूढ नाहीत. चेटकिणीचा झगा काळा, वटवाघळाचे पंखही काळेच. संधिप्रकाशात चालकाला ते दिसत नाहीत. मुखवट्याच्या दोन भोकांतून समोरचे दिसते, बाजूने येणारी गाडी दिसत नाही. पायघोळ वेशात मूल अडखळते. लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ मोठ्यांसारखा घालता येत नाही, आणि समोरच्या दारात चॉकलेट दिसत असताना तर नाहीच. त्याच संध्याकाळी मोठ्यांच्या पार्ट्याही असतात. दारू पिऊन गाडी चालवणारे रस्त्यावर येतात. यातला एकही घटक भयपटात शोभणारा नाही. म्हणूनच त्याची भीती वाटत नाही.

वेशभूषेचेही तसेच. सैल, हलके, झालरी असलेले कापड आगीला सर्वांत सोयीचे. त्याला दोन्ही बाजूंनी हवा मिळते आणि ज्वाला वरच्या दिशेने, म्हणजे चेहऱ्याकडे धावते. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते, जखम खोल होते. 1940 च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या काउबॉय वेशांना आणि रेयॉनच्या केसाळ स्वेटरना आगी लागून बळी गेले, तेव्हा 1953 मध्ये ज्वलनशील कापडांविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही प्रश्न संपलेला नाही. 2014 च्या हॅलोवीनला ब्रिटनमधील दूरचित्रवाणी निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या आठ वर्षांच्या मुलीच्या वेशाने मेणबत्तीवर पेट घेतला आणि ती गंभीर भाजली. त्या वेळी तिथे असा वेश ‘खेळणे’ या वर्गात मोडत असे. त्याची आगीची कसोटी मुलांच्या रात्रीच्या कपड्यांपेक्षा सौम्य होती. विंकलमन यांनी जाहीरपणे हा विषय मांडल्यावर सरकारने बाजारातील वेशांच्या तपासण्या सुरू केल्या.

तिसरी गोष्ट रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सची. मांजरीचे डोळे, पांढरे बुबुळ, रक्ताळलेली नजर. डोळ्याच्या पारदर्शक पटलात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू मुख्यतः हवेतून घेतो. मापात न बसणारी लेन्स हा पुरवठा अडवते, पटलावर ओरखडे पाडते आणि त्यातून जंतू आत जातात. स्युडोमोनास हा जिवाणू एक-दोन दिवसांतच पटलावर मोठी जखम करू शकतो. मागे उरणारा पांढरा डाग नजर कायमची अधू करतो. म्हणूनच अमेरिकेत 2005 पासून, नंबर नसलेली शोभेची लेन्ससुद्धा कायद्याने वैद्यकीय साधन आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरी पार्टीच्या सामानाच्या दुकानांत ती चोरून विकली जातेच.

आणि चॉकलेट? त्यातही खरा धोका आहे, पण तो परक्याच्या दुष्टपणाचा नाही. शेंगदाण्याची किंवा दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला एक घास पुरतो. तीन वर्षांच्या मुलाच्या घशात कडक गोळी अडकू शकते. अमेरिकेत काही घरे 2014 पासून दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात. ‘आमच्याकडे खाऊऐवजी छोटी खेळणीही आहेत’ असा त्याचा अर्थ. पिशवी तपासताना टाचणी शोधण्यापेक्षा वेष्टनावरचे घटक वाचणे अधिक उपयोगाचे.

मग आपले मन उलटे का चालते? मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी धोक्याच्या आकलनाचा दीर्घ अभ्यास केला. जो धोका अनोळखी, भयावह आणि आपल्या हाताबाहेरचा वाटतो, तो आपल्याला मोठा भासतो. जो रोजचा आहे, तो कितीही जीवघेणा असला तरी लहान. त्याला कानेमन आणि ट्‌व्हर्स्की यांनी दाखवून दिलेल्या प्रवृत्तीची जोड द्या: जे उदाहरण चटकन आठवते ते वारंवार घडत असावे, असे आपण धरून चालतो. चॉकलेटात विष ही गोष्ट एकदा ऐकली की विसरत नाही. रस्ता ओलांडताना गेलेल्या मुलाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

ही गंमत अमेरिकनांची म्हणून सोडून देता येणार नाही. मुलांना परक्यांपासून धोका आहे, ही अफवा आपल्याकडे काय करू शकते ते आपण पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे ‘मुले पळवणारी टोळी’ समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी ती भीती आधीच पेरून ठेवली होती. चॉकलेटच्या अफवेने अमेरिकेत माणसे मारली नाहीत. आपल्याकडच्या अफवेने मारली. चुकीची भीती निरुपद्रवी नसते. ती खऱ्या धोक्याकडे पाठ फिरवायला लावते आणि निरपराध माणसाकडे बोट दाखवते.

पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत आणि शाळांत आता हॅलोवीन साजरा होतो. ‘आपला सण नाही’ की ‘मुलांना मजा करू द्या’, हा वाद ज्याने त्याने आपल्या घरी मिटवावा. पण तो साजरा होणार असेल तर काळजी योग्य जागी घ्यावी. संकुलाच्या आवारात त्या तासाभरासाठी गाड्यांची ये-जा थांबवावी. गाडी मागे घेणाऱ्याला काळ्या झग्यातले पाच वर्षांचे मूल आरशात दिसत नाही. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा, वेशावर चकाकणारी पट्टी लावावी, हातात टॉर्च द्यावा, लहानांबरोबर मोठे माणूस असावे. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा. लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

यातले आगीचे पथ्य तर दिवाळीलाही तसेच लागू पडते. पणत्यांच्या रांगेजवळून जाणारा घेरदार घागरा, वाऱ्याने उडणारी ओढणी आणि फुलबाजी धरलेल्या मुलाचा नायलॉनचा झब्बा यांना सणाचे नाव कळत नाही. कपडे पेटले तर पळू नये. पळण्याने ज्वाला भडकते. थांबावे, जमिनीवर पडावे, लोळावे, हे मुलांकडून खेळासारखे करून घ्यावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई यांपैकी काहीही लावू नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

सातासमुद्रापार असलेल्या नातवंडाला या हॅलोवीनला फोन कराल, तेव्हा ‘चॉकलेट बघून खा हो’ असे जरूर म्हणा. पण त्याआधी आणखी एक वाक्य सांगा: ‘आजीचं ऐक, रस्ता ओलांडताना मुखवटा काढ आणि बाबांचा हात धर.’