बिल हेस्कॉमचे, सल्ला महावितरणचा

सीमाभागातल्या खेड्यांत विजेवरच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. पेट्रोलचे भाव पाहता हे व्हायचेच होते. गाडी घेणारा माणूस रंग बघतो, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते ते विचारतो, कर्जाचा हप्ता मांडतो. पण ही गाडी घरच्या कोणत्या वीजदरावर चार्ज होणार, हा प्रश्न त्याला पहिले मोठे बिल हातात पडल्यावरच सुचतो.

यात दोष केवळ त्याचा नाही. वीजदराविषयी मराठीत जे वाचायला आणि मोबाइलवर ऐकायला मिळते, ते जवळजवळ सगळे महावितरणचे असते. पुण्या-कोल्हापूरचा माणूस सांगतो, ‘स्मार्ट मीटर बसवा, दिवसा नऊ ते पाच गाडी लावा, युनिटमागे सवलत मिळेल.’ त्याच्यापुरते ते खरे आहे. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून दिवसाच्या वापरावर तशी सवलत लागू झाली. पण बाचीपुढे शिनोळी लागली की महावितरणचा खांब सुरू होतो, अलीकडचा खांब हेस्कॉमचा. खांब बदलला की दर बदलतो, नियम बदलतो, सवलतीचे गणितही उलटे होते. आमचा मराठी माणूस सल्ला पलीकडचा ऐकतो आणि बिल अलीकडचे भरतो. अलीकडचे बिल कन्नडात आणि थोडे इंग्रजीत असते.

आता अलीकडचे गणित पाहू. कर्नाटकात गृहज्योती योजना जुलै २०२३ च्या वापरापासून लागू झाली. महिना २०० युनिटपर्यंत मोफत वीज, असे आपण बोलताना म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. प्रत्येक घराची मोफत मर्यादा वेगळी आहे. २०२२-२३ या वर्षातला त्या घराचा सरासरी वापर आणि त्यावर थोडी भर, एवढीच वीज मोफत मिळते. त्यापुढे २०० पर्यंत जादा युनिटांचे पैसे द्यावे लागतात. आणि २०० ओलांडले की सवलत पूर्णच जाते, पहिल्या युनिटापासून सगळे बिल भरावे लागते. गाडी घेणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यायची ती ही शेवटची अट.

एक घर डोळ्यांपुढे आणा. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज मिळून महिन्याला ८० युनिट, मोफत मर्यादा ८२. म्हणजे आजवर शून्य बिल. त्या घरात लहान इलेक्ट्रिक कार आली. गाव ते शहर २० किलोमीटर, रोज जाऊन-येऊन ४०, महिन्याचे २५ दिवस, एकूण १००० किलोमीटर. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरली तर सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटवर अशी गाडी साधारण सव्वासहा किलोमीटर जाते. म्हणजे १६० युनिट. घराचे ८० मिळवले की २४०. सवलत गेली. २०२५-२६ साठी ठरलेला घरगुती दर युनिटला ५ रुपये ८० पैसे, म्हणजे विजेचेच १३९२ रुपये. त्यावर युनिटमागे ३६ पैसे अधिभार, मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॅटला १४५ रुपये स्थिर आकार, आणि ९ टक्के कर. तीन किलोवॅटचा भार असेल तर बिल दोन हजारांच्या घरात जाते. काल शून्य होते.

याच घरातली गाडी महिन्याला ६०० किलोमीटरच फिरली तर? ९६ युनिट लागतील, एकूण १७६. दोनशेच्या आत. मर्यादेवरच्या ९४ युनिटांचे ५४५ रुपये आणि वर कर वगैरे. पेट्रोलच्या मानाने हे काहीच नाही. पण चैत्र-वैशाखात कूलर लागला, पाहुणे आले आणि आकडा २०१ वर गेला, तर आजवर मोफत असलेल्या त्या ८२ युनिटांचेच ४७५ रुपये अंगावर येतात, आणि स्थिर आकार निराळा. एका युनिटासाठी एवढा दंड दुसऱ्या कुठल्या मालावर बसत असेल असे वाटत नाही. हे गणित सातवीतल्या मुलाला घालावे. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते चटकन सोडवले, पालकांनाच वेळ लागला.

यावरचा उपाय म्हणजे गाडीसाठी वेगळे कनेक्शन, वेगळे मीटर. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन ग्राहकाला चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येऊ लागली. कर्नाटकात इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगला निराळा दरवर्ग आहे. त्याचा दर अलीकडच्या आदेशांत युनिटला साडेचार रुपयांच्या आसपास राहिला, म्हणजे घरगुतीपेक्षा कमी. वरच्या उदाहरणातल्या १६० युनिटांचे ७२० रुपये, त्यावर स्थिर आकार आणि कर. घराचे ८० युनिट आपल्या जागी मोफत राहतात. जोडणीचा, अनामत रकमेचा आणि वायरिंगचा खर्च एकदाच होतो, तो दीड-दोन वर्षांत फिटेल की नाही ते ज्याने त्याने आपल्या किलोमीटरवर मांडून पाहावे. माझे मत विचाराल तर, ज्यांची गाडी महिन्याला हजार किलोमीटर धावते आणि घरचे बिल आज शून्य येते, त्यांनी वेगळे मीटर घ्यावे. ज्यांचे घर आधीच २०० च्या वर आहे, त्यांना सवलत गमावण्याची भीती उरलेली नाही, तेव्हा त्यांनी केवळ दोन दरांमधला फरक पाहावा. आणि स्कूटरवाल्यांनी या फंदात पडूच नये. हजार किलोमीटरला तीस-पस्तीस युनिट लागतात, त्यासाठी दुसरे मीटर कशाला?

मंजूर भाराचा विचारही आधी करावा. जुन्या घरांना एक-दोन किलोवॅट भार मंजूर असतो, आणि कारचा साधा चार्जरच तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो. रात्रभर सलग आठ-नऊ तास. जुनी वायर, ढिले सॉकेट, नावापुरते अर्थिंग यांवर हे चालणार नाही. भार वाढवून घेतला की स्थिर आकार वाढतो, हे हिशेबात धरावेच लागते.

आणखी एक गोष्ट, जी गावोगावी हळू आवाजात बोलली जाते. शेतातल्या पंपाची वीज १० अश्वशक्तीपर्यंत मोफत आहे, तेव्हा गाडी तिथेच लावली तर काय बिघडले? पुष्कळ बिघडते. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. केव्हापासून वापर चालू आहे हे ठरवता आले नाही, तर ती मागच्या बारा महिन्यांची होते.

हे सगळे ज्या कागदावर लिहिलेले असते तो आमच्या अर्ध्याअधिक वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही. समितीच्या कामात बिले घेऊन येणारी माणसे पाहतो. ‘बाकी’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच, तो तेवढा कळतो. ‘निगदित शुल्क’ म्हणजे स्थिर आकार, ‘बळके’ म्हणजे वापर, ‘तेरिगे’ म्हणजे कर, हे कोणीतरी सांगावे लागते. कन्नड शिकू नये असे कोणी म्हणत नाही, आमची मुले शिकतातच. पण ज्या ग्राहकाकडून दरमहा पैसे घ्यायचे त्याला दराचा तक्ता त्याच्या भाषेत देणे ही मेहेरबानी नव्हे. दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाच्या भाषेत भाव सांगतो. दरवर्गांचे एक पानी मराठी पत्रक विभागीय कार्यालयाच्या भिंतीवर लागले, तर कोणाच्या सत्तेला धक्का लागतो?

पत्रक लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. तेव्हा गाडीची नोंदणी करण्यापूर्वी विभागीय कार्यालयात मराठीतून अर्ज द्यावा, जोडीला कन्नड प्रत जोडली तर काम लवकर होते. अर्जात विचारावे : माझ्या घराची गृहज्योतीची मर्यादा किती युनिट, मंजूर भार किती, चार्जिंगच्या वेगळ्या जोडणीचा आजचा दर, स्थिर आकार आणि अनामत किती, आणि ती जोडणी घेतल्यावर घरच्या मीटरची सवलत तशीच राहील काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये, लेखीच मागावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्यावा, आणि उत्तर आले नाही तर तीच प्रत जोडून ग्राहक गाऱ्हाणे मंचाकडे जावे.