सत्तर टक्के आणि तीस गुण

युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेचे नाव आमच्या गोव्यात तसे फार कोणी घेत नाही. ज्यांचे नातलग लिस्बनला नाहीतर लंडनला आहेत, त्यांच्या घरी मे महिन्यात विषय निघतो, एवढेच. १९५६ पासून युरोपातले देश दरवर्षी एकेक गाणे पाठवतात, एका शनिवारी रात्री ती गाणी होतात आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत गुणांची मोजणी चालते. पोर्तुगालला जिंकायला २०१७ साल उजाडावे लागले. अनेकांना हा सगळा प्रकार म्हणजे चकचकीत कपडे आणि धूर वाटतो. पण कुठला देश जगापुढे काय म्हणून उभा राहू पाहतो, हे बघायला मला यासारखी दुसरी जागा माहीत नाही. आणि स्पेनने २०२२ साली पाठवलेले 'स्लोमो' हे नाचाचे गाणे तर भाषेविषयी थोडीफार आस्था असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे प्रकरण आहे.

गाणे पाठवण्याआधी ते निवडावे लागते. स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीने, म्हणजे आरटीव्हीईने, त्या वर्षी बेनिडोर्म या समुद्रकाठच्या पर्यटनाच्या गावी निवडीचा मोठा सोहळा केला. २९ जानेवारी २०२२ च्या अंतिम फेरीत खरी चुरस तिघांत होती. एक शानेल तेर्रेरो. जन्म हवानाचा, वाढली कातालोनियात, संगीत नाटकांतून काम करून तयार झालेली नर्तकी आणि गायिका. दुसरी रिगोबेर्ता बांदिनी, आईपणावरचे खट्याळ आणि धीट गाणे घेऊन आलेली. आणि तिसरे तान्शुगेइरास, गालिसियातल्या तीन मुली, त्यांतल्या दोघी जुळ्या बहिणी.

या तिघींचे वाद्य पांदेइरेता. आपल्या खंजिरीची युरोपातली बहीण म्हणा. गालिसियात ती पिढ्यान् पिढ्या बायकांनीच वाजवली. कामे आटोपली की एकत्र जमायचे, हातात पांदेइरेता घ्यायची आणि उंच, धारदार आवाजात गायचे. आपल्याकडे मांडावर धालो खेळणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आणा. त्या सुराला नव्या काळचा इलेक्ट्रॉनिक ठेका जोडून तिघींनी 'तेर्रा' हे गाणे बांधले होते. तेर्रा म्हणजे भूमी, माती. शब्द पोर्तुगीजमध्येही तोच. गाणे गालिसियाच्या भाषेत, गालेगोत. सीमा नाहीत या अर्थाचे बोल मात्र त्यांनी मुद्दाम स्पेनमधल्या निरनिराळ्या भाषांतून म्हटले होते.

आता आकडे बघू. उभा जन्म फायलींवर बेरजा वजाबाक्या तपासण्यात चालला आहे, त्यामुळे माझे लक्ष आधी तिथेच जाते.

निम्मे गुण व्यावसायिक परीक्षकांचे; त्यांत परदेशीही होते. पाव हिस्सा निवडक नागरिकांच्या नमुना मंडळाचा. उरलेला पाव हिस्सा फोन करणाऱ्या सर्वसामान्य प्रेक्षकांचा. फोन करणाऱ्यांपैकी ७०.७५ टक्क्यांनी तान्शुगेइरासना पसंती दिली. बांदिनीला १८.०८ टक्के. शानेलला ३.९७ टक्के. शंभरातले चार जणही नाहीत! पण नियम असा की टक्के जसेच्या तसे मोजायचे नाहीत, नुसते क्रमांक लावायचे. पहिल्याला ३०, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २०. म्हणजे सत्तर टक्क्यांचे झाले तीस गुण, आणि चार टक्क्यांचे वीस. नमुना मंडळानेही तान्शुगेइरासनाच पहिले ठेवून ३० दिले, शानेलला २५. तोवर साठ विरुद्ध पंचेचाळीस. परीक्षकांनी शानेलला ५१ दिले आणि तान्शुगेइरासना ३०. शेवटची बेरीज शानेल ९६, बांदिनी ९१, तान्शुगेइरास ९०. लोकांच्या दोन्ही याद्यांत पहिल्या आलेल्या मुली तिसऱ्या!

नियमबाह्य काहीच घडले नव्हते. नियम आधीच छापलेले होते, सगळ्यांनी मान्य केलेले होते. सरकारी नोकरीत असलेल्याला हा अनुभव नवीन नाही. कागद अगदी बिनचूक असतो आणि न्याय मात्र झालेला नसतो.

पुढे जे झाले ते वाईट झाले. गालिसियातल्या पक्षांनी संसदेत प्रश्न विचारले, कामगार संघटनेने खुलासा मागितला. ते ठीकच होते. पण इंटरनेटवरच्या टोळक्याने नियम करणाऱ्यांना सोडून त्या पोरीला धरले. तिच्या कपड्यांवर, तिच्या कुठल्या कुठल्या जन्मस्थानावर नको ते लिहिले. तिला ट्विटर सोडावे लागले. तिचा अपराध काय, तर बोलावले तिथे जाऊन ती जीव ओतून नाचली. भाषेच्या प्रेमातून उठलेला राग माणसावर, त्यातही बाहेरून आलेल्या बाईवर घसरला की त्या प्रेमाविषयीच शंका येऊ लागते. हे आपल्याकडेही पाहिले आहे. असो.

मग आला मे महिना. १४ मे २०२२ ला इटलीतल्या तूरिन शहरात शानेलने 'स्लोमो' असे काही सादर केले की विरोधकांची तोंडे बंद झाली. मी ते तीनचार वेळा पाहिले आहे. तीन मिनिटे श्वास न चुकता गाणे आणि तसला नाच एकाच वेळी, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. ४५९ गुण आणि तिसरा क्रमांक. १९९५ नंतर स्पेनला इतके यश मिळाले नव्हते. आणि गंमत म्हणजे परीक्षक आणि लोक, दोघांनीही तिला जवळजवळ सारखेच गुण दिले, २३१ आणि २२८.

झाले! बेनिडोर्मचे परीक्षक शहाणे ठरले, वाद मिटला, असे स्पेनभर म्हटले जाऊ लागले. माझा आक्षेप आहे तो इथे. जानेवारीत लोकांनी विचारलेला प्रश्न 'जिंकेल कोण' हा नव्हताच. आमच्या देशाच्या नावाने गाताना आमची भाषा चालेल का, हा होता. तिसरा क्रमांक हे त्या प्रश्नाचे उत्तर कसे होईल? शिवाय 'तेर्रा' गेले असते तर पडलेच असते, हे कोणी सांगितले? एकच वर्ष आधी, २०२१ साली, युक्रेनच्या 'गो ए' या गटाने वसंताच्या जुन्या लोकगीतावर बेतलेले नाचाचे गाणे थेट युक्रेनियन भाषेत म्हटले. तोच धारदार आवाज, तसाच खाली धडधडणारा ठेका. ते एकूणात पाचवे आले आणि लोकांच्या मतांत दुसरे. तेव्हा रशियाचे मोठे आक्रमण झालेले नव्हते, म्हणजे सहानुभूतीचा प्रश्न नव्हता. ऐकणाऱ्यांना एक शब्द कळला नसेल, पण पाय थांबले नाहीत.

'स्लोमो'चे बोल अर्धे स्पॅनिश, अधूनमधून इंग्रजी. रचना निरनिराळ्या देशांतल्या पाच जणांनी मिळून केलेली. मग ते स्पेनचे आहे हे ओळखायचे कशावरून? तर पोशाखावरून. बैलांशी झुंजणाऱ्या मातादोराच्या अंगरख्यासारखे खडे लावलेले जाकीट आणि हातात पंखा. देश अंगावर घातला होता, तोंडात नव्हता. हिंदी सिनेमातला गोवा आठवा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. फुलाफुलांचा शर्ट, हातात बाटली, माडाखाली गिटार. दिंडी नाही, घुमट नाही, रात्रभर चालणारा दशावतार नाही आणि आपण एकमेकांशी बोलतो ती बोली तर नाहीच नाही.

स्पेनचा हा आजार जुना आहे. १९६८ साली जुआन मान्युएल सेर्रात या गायकाची निवड झाली होती. त्याने आपण कातालान भाषेत गाऊ असा आग्रह धरला. तेव्हा फ्रांकोची हुकूमशाही होती. सेर्रातला वगळले, मासिएल नावाच्या गायिकेला ऐनवेळी उभे केले, तिने तेच गाणे स्पॅनिशमध्ये म्हटले आणि लंडनमध्ये ती चक्क जिंकली. तेव्हाही कोणीतरी म्हणालेच असेल, बघा, आमचाच निर्णय बरोबर होता! विशेष म्हणजे गालेगोला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करणारा हा फ्रांको स्वतः गालिसियातल्या फेर्रोलचा. घरच्या भाषेला सर्वांत खोल जखम पुष्कळदा घरचाच माणूस करतो. गालेगोला राजभाषेचा दर्जा मिळाला तो त्याच्या मृत्यूनंतर.

गालिसियाची आणखी एक गोष्ट गोव्यातल्या वाचकाला सांगायलाच हवी. गालेगो आणि पोर्तुगीज मध्ययुगात एकच होत्या. आज गालेगो ही स्वतंत्र भाषा मानायची की पोर्तुगीजचेच एक रूप, आणि ती कोणत्या पद्धतीने लिहायची, यावर तिथले विद्वान हातघाईवर येतात. वाचून हसू आले ना? आपण काही जगावेगळे नाही. तरी 'तेर्रा'च्या वेळी ते दोन्ही पक्ष एकाच गाण्यामागे उभे राहिले असणार, असे मला आपले वाटते. आपल्याकडे १९८७ चा राजभाषा कायदा झाला, कोकणीला राजभाषेचा दर्जा मिळाला, मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्यावरून घरे फुटली. आणि माझ्या टेबलावर येणारा अर्ज मराठीत असो की कोकणीत, त्यावरचा शेरा आजही इंग्रजीतच पडतो. आम्ही दोघे भांडलो आणि परीक्षकाची खुर्ची तिसऱ्याकडेच राहिली.

लोकांचेच मत शंभर टक्के धरा, असेही मी म्हणणार नाही. २०२३ साली स्पेनने ब्लांका पालोमाचे फ्लामेंकोच्या अंगाचे गाणे पाठवले. मुळातून आलेले, सुंदर. परीक्षकांनी ९५ गुण दिले आणि युरोपभरच्या प्रेक्षकांनी फक्त पाच. पण परीक्षकाचे काम लोकांना जे ऐकू आले नाही ते ऐकवण्याचे आहे. देशातल्या सत्तर टक्क्यांनी जे ऐकले, ते जगाला झेपणार नाही म्हणून आधीच गाळून टाकण्याचे नव्हे.

१९६१ पासून २०२५ पर्यंत स्पेनने गाणी पाठवली. २०१६ चे तर संपूर्ण इंग्रजीत होते आणि बाविसावे आले. गालेगो, बास्क किंवा कातालान भाषेतले मात्र एकही गाणे स्पेनच्या नावाने गेले नाही. कातालान त्या मंचावर पोहोचली ती शेजारच्या चिमुकल्या आंदोराकडून, २००४ ते २००९ या सहा वर्षांत. सहाही वेळा उपान्त्य फेरीतच घरी परतली. २०२६ च्या स्पर्धेत तर इस्राएलच्या सहभागाच्या प्रश्नावरून स्पेनने भागच न घेण्याचे ठरवले, तेव्हा हा विषय आणखी मागे पडला.

दोन्ही गाणी यूट्यूबवर आहेत. बेनिडोर्मच्या रात्रीचे 'तेर्रा' आधी ऐका, मग तूरिनचे 'स्लोमो' बघा. उलट क्रमाने नको, कारण शानेलचा नाच बघितल्यावर काही वेळ दुसरे काही ऐकावेसे वाटत नाही.