खुर्ची दिली, बळाचे काय?

चेन्नईतील नुंगंबाक्कम क्रीडाप्रेमींना टेनिस स्टेडियममुळे ठाऊक आहे. याच भागात व्हीलचेअरवरून व्यायामाला निघणाऱ्यासमोर मला पदपथाची उंच कड, तिथे लावलेल्या दुचाक्या आणि शेवटी व्यायामशाळेचा जिना दिसतो. त्यामुळे त्याचा व्यायाम घरातच व्हायचा. तोही होतो का, हा खरा प्रश्न आहे.

व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय. खुर्ची ढकलणे, पलंगावरून खुर्चीत सरकणे, बसून जखमा होऊ नयेत म्हणून शरीर उचलणे, हा सारा भार खांद्यांवर पडतो. ढकलण्याने छातीचे स्नायू राबतात, पाठीचे मागे पडतात आणि खांदेदुखी जडते. खांदा गेला की न्हाणीघरापर्यंत जायलाही दुसऱ्याची वाट पाहावी लागते. उपाय महागडा नाही. खुर्चीचे ब्रेक लावून, खिडकीच्या भक्कम गजाला अडकवलेला रबरी पट्टा स्वतःकडे ओढला तरी पाठ बळकट होते. मात्र पहिले धडे जाणकाराकडूनच घ्यायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीही अपंग प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबळाचा व्यायाम सुचवला आहे.

तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये 'मक्कळै तेडी मरुत्तुवम', म्हणजे 'लोकांच्या शोधात वैद्यकसेवा', ही योजना सुरू केली. तिच्यात रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांबरोबर भौतिकोपचारही घरपोच मिळतात. माझ्या मते याच सेवेवर बळवर्धनाच्या शिक्षणाची जबाबदारी सोपवावी. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून व्हीलचेअर मिळते. तिच्याबरोबर रबरी पट्टा, प्रशिक्षण आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणीही मिळावी. महाराष्ट्रानेही याचा विचार करावा. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिक जलतरणात सुवर्णपदक मिळवले, ते याच मातीतले.

घरचा व्यायाम ही बंद दारांची सबब मात्र होऊ नये. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा क्रीडा-सुविधांत समान सहभाग मागतो. सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले आहे. घरात कमावलेले बळ रस्त्यावर वापरता आले नाही, तर ते चार भिंतींतच विरेल. खुर्ची देऊन शासनाचे कर्तव्य संपत नाही; तिथून ते सुरू होते.