हेड बदलायचं की जुनंच दुरुस्त करायचं?

लोखंडी बोअरच्या जुन्या बुलेटला 'परफॉर्मन्स'च्या नावाखाली मिळणारं स्वस्तातलं नवं ॲल्युमिनियम हेड बसवू नये, असं माझं मत आहे. मत आधीच सांगून टाकलं, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना सोयीचं!

विषय निघाला तो रिसोडच्या मावसभावामुळे. त्याच्याकडे काकांची 1987 सालची बुलेट आहे. सोयाबीनचे पैसे हातात आलेत आणि गाडी 'जरा पळती' करायची आहे. जुन्या हेडचे गाइड झिजलेत, धूर येतो, प्लगची चूडी गेलीये. ऑनलाइन एक चकचकीत हेड सापडलं. मोठे पोर्ट, मोठे वॉल्व्ह, आणि किंमत चांगल्या हेडच्या निम्म्याहून कमी. "दादा, तू इंजिनिअर हायेस, सांग ना घेऊ का?" आता मी सॉफ्टवेअरवाला. पण इंजिनिअर म्हटलं की आपल्याकडे मिक्सरपासून बोअरवेलपर्यंत सगळं येत असतं असा समज आहे, त्याला इलाज नाही.

आधी एक गैरसमज. त्याला वाटत होतं, जुनं हेड लोखंडी आणि हे ॲल्युमिनियमचं, म्हणजे थंड राहणार. पण बुलेटचं बोअर लोखंडी असलं तरी हेड पहिल्यापासून ॲल्युमिनियमचंच आहे. अमेरिकेत जुन्या व्ही-8 गाड्यांची ओतीव लोखंडी हेडं काढून ॲल्युमिनियमची बसवतात, तिथे वजन आणि उष्णता दोन्हींत खरा फायदा होतो. आपल्याकडे ॲल्युमिनियम काढून ॲल्युमिनियमच बसवायचं, तर प्रश्न उरतो तो कुठलं ॲल्युमिनियम, एवढाच.

आणि तिथेच मेख आहे. हेडसाठी साधारण 7 टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असलेला मिश्रधातू (एलएम 25 म्हणतात तो) वापरावा लागतो. ओतून झाल्यावर त्याला 540 अंशांच्या आसपास काही तास तापवायचं, पाण्यात विझवायचं, आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर पुन्हा काही तास ठेवायचं. मग तो कडक होतो. भट्टीचा हा खर्च वाचवला तरी हेड दिसायला तसंच दिसतं! भंगारातले पिस्टन आणि पातेली एकत्र वितळवून ओतलेलंही पॉलिश केल्यावर तसंच चमकतं. फरक कळतो तो वर्षभराने, हेड वाकल्यावर किंवा प्लगची चूडी पुन्हा निघून आल्यावर.

पण माझ्या दृष्टीने खरा धोका वॉल्व्ह सीटचा. सीटची रिंग लोखंडी, तिच्या भोवतीचं हेड ॲल्युमिनियमचं, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुपटीने फुगतं. साधा हिशोब करा. रिंग 40 मिलिमीटरची धरू आणि तापमानातली वाढ 150 अंश. हेडमधलं भोक सुमारे 0.14 मिलिमीटरने मोठं होतं, रिंग मात्र 0.07 नेच वाढते. म्हणजे 0.07 मिलिमीटरची, साधारण केसाच्या जाडीएवढी, पकड गेली. रिंग थंड असताना याहून बऱ्यापैकी जास्त घट्ट बसवलेली नसेल, तर वाशीमच्या मे महिन्यात घाट चढताना ती सुटणार. सुटली की वॉल्व्हखाली अडकते, वॉल्व्ह वाकतो, पिस्टन फुटतो. हेडमध्ये वाचवलेले पैसे अख्ख्या इंजिनात घालवायचे. स्वस्त हेडात ही पकड किती ठेवलीय हे कोण सांगणार? जाहिरातीत पोर्टमधून किती हवा जाते त्याचा मोठ्ठा आकडा असतो, याचा नसतो. (आमच्या धंद्यात बेंचमार्कचं असंच असतं. आकडा एक नंबर, आणि प्रत्यक्षात सर्व्हर सोमवारी सकाळी झोपतो.)

त्या मोठ्या पोर्टबद्दलही बोलायला हवं. बुलेट 346 सीसीची, बोअर 70, स्ट्रोक 90, ताकद 18 हॉर्सपॉवरच्या घरात. लांब स्ट्रोकचं हे इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं, तीच त्याची मजा. पोर्ट मोठा केला की कमी फेऱ्यांवर हवेचा वेग पडतो आणि नेमकी तीच ओढ जाते. मिळतं ते वरच्या फेऱ्यांवर. तिथे जाऊन करायचं काय? समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला खरा, पण दुचाकीला त्यावर प्रवेशच नाही. उरला मालेगाव-मेडशी-पातूरचा रस्ता आणि सोयाबीनच्या ट्रॉल्या.

त्याच्या मिस्त्रीला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, जुन्या हेडाले काय झालं? गाइड बदला, सीट कापा, चूडीत बुश टाका. कंपनीचं ओतकाम हाये ते." मला हे शंभर टक्के पटलं. चाळीस वर्षं तापून-थंडावून ज्या ओतकामाला तडा गेला नाही, ते चांगलं आहे हे सिद्धच झालंय. फक्त सीट कापायचं काम हाताने घासून भागवू नये. गाइडच्या मध्याला धरून सीट कापणारं मशिन असेल तिथे, भले अकोल्याला, न्यावं. परत आल्यावर वॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं. थेंब झिरपला तर पैसे द्यायचे नाहीत.

हेड तडकलेलंच असेल आणि नवं घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ते हातात घेऊन बघता येईल अशा दुकानातूनच घ्या. जाड काचेवर पालथं ठेवून हलतं का बघा. फिन्सच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर परत करा. आणि बसवण्याआधी लेथवाल्याकडून सीटची पकड तपासूनच घ्या, तो खर्च किमतीत धरून.

राहिलं पेट्रोल. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं. जुन्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ होतं आणि हेड आणखी तापतं. त्यामुळे हेडच्या कामाबरोबर मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघायला त्याला सांगितलंय. ताकद नंतर. आधी पुढचा ड्रम ब्रेक उघडायचाय, त्याचे लायनर काकांच्या काळातलेच आहेत म्हणे.