खो-खोचे सामने दिवाळीआधी घ्या

आमच्या शाळेच्या खो-खो संघात 12 मुली होत्या. मैदानात 9 लागतात. आठ जणी बसतात, एक पाठलाग करते.

पावसाळ्यात आम्ही रोज सराव केला. माझी मैत्रीण खांबाजवळ बसायची. तिच्या हातून गडी सुटत नसे. दिवाळी झाली आणि ती आईबापासोबत गुजरातेत ऊसतोडीला गेली. अजून तिघी गेल्या. आम्ही उरलो आठ. केंद्राचे सामने डिसेंबरात होते. तिसरीतली एक मुलगी घेतली. ती खो मिळायच्या आधीच उठायची. आम्ही हरलो. तिचा काही दोष नाही, तिला सराव नव्हता.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. मुलींमध्ये भारत जिंकला. कप्तान प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. म्हणजे हा खेळ लहान नाही.

काही जण म्हणतात, पोरींना आजीकडे ठेवा. पण तिकडे लहान भावाला कोण सांभाळणार?

म्हणून माझे मत आहे, सामने दिवाळीआधी घ्यावेत. तेव्हा सगळ्या गावातच असतात. पालकांनो, तुम्हीपण गुरुजींना सांगा.

मैत्रीण होळीला येईल. खांबाजवळची जागा तिचीच आहे.